गिलाव्याचा चुना: उन्हाळ्यात विरवा, हिवाळ्यात लावा

नागपूरकडे मातीचं किंवा विटा-चुन्याचं घर बांधायला घेतलेल्या लोकांना चुन्याची आठवण बहुधा उशिरा येते. भिंती उभ्या राहतात, दसरा होतो, मिस्त्री गिलाव्याला मोकळा होतो आणि मग शोध सुरू होतो की चांगला चुना मिळेल कुठं. तोवर हंगाम हातचा गेलेला असतो. लाइम पुट्टी म्हणजे पाण्याखाली मुरवलेला चुन्याचा लगदा. ती आज आणली आणि उद्या थापली असं होत नाही. तिला निदान तीन महिने द्यावे लागतात. (रंगाच्या दुकानात पुट्टी मागितली तर व्हाइट सिमेंटची वॉल पुट्टी हातात पडेल. तिचा इथे काही उपयोग नाही.)

म्हणून आधी वेळापत्रक, मग कृती. होळी-पाडव्याच्या सुमाराला कळीचा चुना, म्हणजे भट्टीत भाजलेले चुन्याचे कोरडे खडे, आणून पाण्यात विरवावा, पावसाळाभर तो मुरू द्यावा आणि ऑक्टोबरचा चटका ओसरल्यावर भिंतीला लावायला घ्यावा. कळीचा चुना हवेतला ओलावा ओढतो. जुलैमध्ये घेतलेलं पोतं घरी येईस्तोवर अर्धं पीठ झालेलं असतं, आणि ते पीठ हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी व्हायला लागलेलं असतं. तेव्हा खरेदी पावसाच्या आधीच करायची. गिलाव्याचं मात्र उलट आहे. चुना वाळून कडक होत नाही, तो ओलसर असताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू दगड होतो. एप्रिल-मेमध्ये ४४-४५ अंशांत आणि गरम वाऱ्यात गिलाव्यातलं पाणी दोन तासांत उडून जातं, ही क्रिया तिथेच थांबते आणि भिंतीवरून हात फिरवला की पांढरी पूड हाताला येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे गिलाव्याचे महिने.

कोणता चुना घ्यायचा

चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० किलो शुद्ध चुनखडीतून जेमतेम ५६ किलो कळी निघते. चांगली भाजलेली ताजी कळी ओळखायची खूण यातच आहे: आकाराच्या मानानं ती हलकी लागते. हातात जड वाटणारा खडा बहुतेक आतून कच्चा असतो. कडा टणक हव्यात, अंगाला पीठ सुटलेलं नको. कळी उचलतानाही हातमोजे घाला, घामेजल्या तळहातालाही ती भाजते.

आपल्या बाजूला वणी-राजूर भागातला चुना येतो, मध्य प्रदेशातला कटनीचाही येतो. गाव कोणतं यापेक्षा जात कोणती हे विचारा. बारीक गिलाव्याच्या पुट्टीसाठी फॅट लाइम, बराचसा शुद्ध चुना, लागतो, म्हणजे भारतीय मानक आयएस ७१२ मधला ‘सी’ वर्ग. डोलोमाइटपासून केलेला, मॅग्नेशियम जास्त असलेला चुना सावकाश विरतो. त्यातले काही कण ड्रममध्ये गप्प बसतात आणि भिंतीत गेल्यावर फुगतात. वणी पट्ट्यात चुनखडी आणि डोलोमाइट दोन्ही निघतात, म्हणून हा प्रश्न विक्रेत्याला स्पष्टच विचारावा.

एवढं करूनही खात्री नसेल तर नमुन्याची एकच कळी आणून तपासा. स्टीलच्या जुन्या पातेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, बंद गॉगल आणि हातमोजे घाला, सुपारीएवढा तुकडा लांब चिमट्यानं आत सोडा आणि मागे सरका. चांगला चुना काही मिनिटांतच सुसू करतो, तडकतो, पाणी वाफाळतं आणि शेवटी मऊ लगदा उरतो. पंधरा-वीस मिनिटं काहीच झालं नाही, तर चुना शिळा, जास्त भाजलेला किंवा मॅग्नेशियमचा असतो. त्याच्या वाट्याला जाऊ नका.

आणखी एक पर्याय आहे आणि पहिल्यांदाच करणाऱ्याला मी तोच सुचवीन: पोत्यात पावडर होऊन येणारा हायड्रेटेड लाइम. तो आधीच विरलेला असतो, उकळत नाही. तारीख ताजी पाहून घ्या, पाण्यात घट्ट कालवा आणि वर पाणी ठेवून निदान आठवडाभर राहू द्या. लगदा कळीच्या पुट्टीइतका चिकट आणि लोण्यासारखा होत नाही, पण शौचालयाची भिंत, कुंपण किंवा सरावाचा तुकडा यासाठी पुरतो. घरात लहान मुलं असतील आणि मोकळी जागा नसेल तर कळीच्या नादी लागूच नये. पावडर मात्र वाऱ्यावर उडते. मास्क आणि गॉगल तिथेही सुटत नाही.

विरवताना नेमकं काय होतं

कळीचा चुना पाण्याला भेटला की उष्णता बाहेर पडते. किती, तर एका किलो शुद्ध कळीतून निघणाऱ्या उष्णतेनं ३० अंशांचं साडेतीन लिटर पाणी उकळीला येऊ शकतं. खाली जाळ नाही, गॅस नाही, तरी ड्रम खदखदतो. वर ते नुसतं उकळतं पाणी नसतं. ते अतिशय अल्कधर्मी असतं, सामू १२च्या वर. भाजणं आणि रासायनिक जखम एकाच थेंबात. आणि हा थेंब डोळ्यात गेला तर नजर कायमची जाऊ शकते. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना डोळा गमावलेली मुलं आपल्याकडच्या नेत्रतज्ज्ञांनी पाहिलेली आहेत, आणि तो तर थंड चुना.

यावरून एक नियम निघतो आणि तो कुणासाठीही मोडायचा नाही: आधी पाणी, मग चुना. चुना पाण्यात टाकायचा. ढिगावर पाणी ओतलं की वरच्या थराची वाफ होते, ती खालच्या खड्यांना फोडते आणि गरम चुना चेहऱ्याच्या उंचीपर्यंत उडतो. शिवाय पाणी कमी पडलेला भाग जळून कणीदार होतो, तो नंतर कितीही भिजवला तरी मऊ होत नाही.

अंगावर काय हवं

डोळ्यांसाठी कडेनं पूर्ण बंद असलेला केमिकल गॉगल. नंबरचा चष्मा चालत नाही, गाडीचा गॉगलही नाही, कारण दोन्हींच्या बाजू उघड्या असतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून या कामाजवळ येऊ नये. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट आणि गमबूट हवेत. पँट बुटाच्या बाहेरून सोडा. आत खोचली तर उडालेला चुना थेट बुटात उतरतो आणि काम संपेपर्यंत पाय भाजत राहतो. ओढणी, पदर, गमछा असं लोंबणारं काही नको.

इथे मिस्त्रीशी थोडी वादावादी होणार. “काही होत नाही भाऊ, आम्ही तर हातानंच कालवतो,” हे वाक्य तुम्हाला ऐकू येईलच. त्याचे हात पाहा. ओला चुना लगेच चटका देत नाही. कातडी कोरडी पडते, भेगा जातात, आणि जखम संध्याकाळी आंघोळीच्या वेळी कळते. वाद घालू नका, हातमोज्यांचे आणि गॉगलचे दोन जादा जोड आधीच आणून ठेवा आणि चप्पल घातलेल्या माणसाला ड्रमजवळ उभं राहू देऊ नका, मग तो घरमालक का असेना.

जागा आणि भांडी

उघड्यावर, पण भर वाऱ्यात नाही. जमीन सपाट आणि घट्ट हवी. काळ्या मातीच्या भेगाळलेल्या जमिनीवर ड्रम कलंडतो, तिथे आधी मुरूम टाकून धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट करून घ्या. मुलं, कुत्री, गुरं त्या बाजूला येणार नाहीत अशी आडकाठी घाला. कळीची पोती कोरड्या, झाकलेल्या जागी, जमिनीपासून वर आणि तणस, कागद, लाकूड यांपासून लांब ठेवा. पोत्यावर पाणी गळलं तर नुसत्या त्या उष्णतेनंही आग लागू शकते.

भांडं लोखंडी पत्र्याचं. २०० लिटरचा अर्धा कापलेला, कडा घासून बोथट केलेला ड्रम छान. पूर्वी तेल किंवा रसायन ठेवलेला ड्रम घेऊ नका. पातळ प्लास्टिकची बादली उष्णतेनं बसते. ॲल्युमिनियमचं काहीही नको, घमेलंही नको. चुना ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. ढवळायला लांब दांड्याचं फावडं, कमीत कमी पाच फुटी.

आणि पोतं फोडण्याआधी दोन भरलेल्या बादल्या आणि एक तांब्या बाजूला ठेवा. नळाची नळी पोचत असेल तर तीही सोडून ठेवा. हे पाणी चुन्यात घालायचं नाही, डोळे धुवायचं आहे. पाच-सहा लोकांचं काम असेल तर त्यातल्या एकानं चुन्याला हातच लावायचा नाही. कुणाच्या डोळ्यात गेलं तर धुऊन देणारे हात स्वच्छ हवेत.

विरवण्याचा दिवस

सकाळी सहा-साडेसहाला सुरू करा. मार्चमध्येही दहानंतर गॉगल घामानं धुकाळतो, माणूस तो पुसायला काढतो, आणि तेवढ्यातच घात होतो.

पहिल्या वेळी १० किलो पुष्कळ झाले. ड्रममध्ये आधी ३० लिटर पाणी घ्या, आणखी १५ लिटर जवळ ठेवा. पाणी नळाचं किंवा गोड्या विहिरीचं. खारट बोअरचं पाणी घेतलं तर पुढे भिंतीवर मिठाचे पांढरे डाग उमटतात. ड्रम अर्ध्याच्या वर कधीच भरायचा नाही, चुना फुगतो आणि उकळी वर येते.

कळ्या लिंबाएवढ्या फोडून घ्या. फोडतानाही गॉगल. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे वाफ तुमच्यापासून लांब जाईल. फावड्यावर किलोभर कळी घेऊन ती पाण्याच्या जवळ नेऊन घसरवा, वरून फेकू नका. दोन पावलं मागे. एक-दोन मिनिटं काहीच होणार नाही, आणि नवख्या माणसाला इथेच वाकून पाहायचा मोह होतो. वाकू नका. काही खडे बराच वेळ शांत राहून एकदम फुटतात.

सुसू सुरू झाली की लांबूनच ढवळा, खालचे खडे हलते ठेवा. उसळी थोडी बसली की पुढचा किलो. पाणी तापत जाईल तसा प्रत्येक नवा घास आधीपेक्षा लवकर पेटतो, म्हणून घाई वाढवायची नाही, उलट कमी करायची. मिश्रण घट्ट होऊन फावडं अडायला लागलं, खालून वाफेचे फवारे निघू लागले, तर राखीव पाणी कडेनं थोडं थोडं सोडा. सुरुवातीलाच भरमसाट थंड पाणी घेऊन चुना बुडवणंही बरं नाही, चुना नीट तापत नाही आणि कण भरड राहतात. चांगलं चाललंय याची खूण म्हणजे पाणी उकळीच्या जवळ राहतं, पण मिश्रण कधी कोरडं पडत नाही.

शेवटची कळी टाकल्यावर सुसू पूर्ण थांबेपर्यंत अधूनमधून ढवळत राहा. तास तरी जातो. घट्ट झाकण लावू नका, वाफ कोंडते. वर जाळी टाकून भोवती आडकाठी तशीच ठेवा. रात्रीपर्यंत आतला भाग हात भाजेल इतका गरम असतो, वरून गार दिसला तरी.

डोळ्यात किंवा अंगावर गेलं तर

डोळा: त्याच क्षणी पाणी. पापण्या बोटांनी फाकवून धरा, सतत धार सोडा, डोळा वर-खाली-बाजूला फिरवायला सांगा, पापणीच्या आत अडकलेला कण वाहून गेला पाहिजे. निदान २० मिनिटं, घड्याळ लावून. दुखायचं थांबलं म्हणून धुणं थांबवू नका, आणि मग डॉक्टरकडे जाणं टाळू नका. नागपुरातली मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं असोत की जवळचं डोळ्यांचं रुग्णालय, वाटेतही धुणं चालू ठेवता आलं तर ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८. तिथे “कचरा गेला” म्हणू नका, “चुना गेला” म्हणून सांगा. उपचार वेगळे असतात. तूप, तेल, मध, गुलाबपाणी, लिंबू यातलं काहीही डोळ्यात घालायचं नाही.

कातडी: कोरडी पूड असेल तर आधी झटकून टाका, मग भरपूर पाणी. चुन्यानं भिजलेला कपडा अंगावर ठेवून काम उरकू नका. मोठा भाग भाजला, फोड आले किंवा तोंडात चुना गेला तर दवाखाना. चुना गिळला असेल तर ओकारी काढायला लावू नका.

गाळणं आणि मुरवणं

एक-दोन दिवसांनी पूर्ण गार झाल्यावर पाणी घालून मिश्रण ओतता येईल इतकं पातळ करा आणि दोन मिलिमीटरच्या लोखंडी किंवा स्टीलच्या जाळीतून दुसऱ्या भांड्यात गाळा. बारीक, गुळगुळीत थरासाठी लागणारा चुना पुन्हा मच्छरजाळीतून काढा, पण ती ॲल्युमिनियमची नको. वर राहिलेले खडे म्हणजे कच्ची चुनखडी नाहीतर जास्त भाजलेली कळी. दाबून, चोळून ते खाली उतरवू नका. चाळणीनं अडवलेला खडाच भिंतीत जाऊन फुटतो. हे उरलेले खडे पाण्याच्या डब्यात आणखी दोन दिवस ठेवून मगच टाका, त्यात जीव शिल्लक असू शकतो.

गाळलेला चुना खाली बसतो आणि वर स्वच्छ निवळी येते. लगद्यावर चार बोटं पाणी कायम राहिलं पाहिजे. या एका अटीवर पुट्टी वर्षानुवर्षं टिकते. आता ती गार आहे, म्हणून जाड प्लास्टिकचा झाकणाचा ड्रम चालतो. सावलीत ठेवा. मेमध्ये उघड्या भांड्यातून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडू शकतं, तेव्हा दर रविवारी झाकण उघडून पाहायची सवय लावून घ्या. वर काचेसारखी पातळ साय धरते, ती चुनखडी झालेली असते. काढून टाका, आत ढवळू नका. ड्रमवर तारीख आणि “चुना, हात लावू नये” असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि झाकण बांधा. उघड्या पांढऱ्या ड्रममध्ये मूल वाकून पाहील, हे गृहीतच धरा.

मुरताना उशिरा विरणारे कण विरून संपतात आणि चुन्याचे कण आणखी बारीक होतात, त्यामुळे लगदा थापीखाली सरकतो. पहिल्या भरड थराला एखाद्या महिन्याचा चुना घेणारे आहेत, पण तीन महिने हा माझा हिशेब आहे. नीरूच्या, म्हणजे शेवटच्या गुळगुळीत हाताच्या चुन्याला त्याहून जास्त. पावसाळाभर ठेवला की हा प्रश्न आपोआप सुटतो.

तयार झाला कसा ओळखायचा? वरचं पाणी काढून थापीवर गोळा घ्या आणि थापी उलटी करा. गोळा चिकटून राहिला पाहिजे. हातमोज्यातल्या बोटांत चोळला तर कण लागू नये. एक लिटरच्या मापात दाबून भरला तर वजन १.३ ते १.४ किलोच्या दरम्यान भरतं. याहून बरंच कमी असेल तर पाणी जास्त आहे, दोन दिवस निथळू द्या. १० किलो चांगल्या कळीतून असा साधारण १८ ते २० लिटर लगदा मिळतो. एकास तीन रेती घेतली तर १० मिलिमीटर जाडीच्या थरानं सुमारे सहा चौरस मीटर भिंत होते. घराचा हिशेब यावरून मांडा आणि थोडा चुना जास्तच विरवा.

पहिला तुकडा

सगळी भिंत काढायच्या आधी उत्तरेच्या बाजूला दोन बाय दोन फुटांचा तुकडा करा. कन्हान नदीची रेती धुऊन, चाळून घ्या. जाड-बारीक मिसळलेली हवी, मातकट नको. मापानं एक भाग लगदा, तीन भाग रेती. सुरुवातीला माल कोरडा वाटेल आणि मिस्त्री पाण्याचा डबा उचलेल. थांबवा. लाकडी दांड्यानं कुटत राहा, लगद्यातलंच पाणी सुटून माल नरम होतो. वरून घातलेलं पाणी पुढे भेगा होऊन दिसतं. बेलफळाचा गर, गूळ, हिरड्याचं पाणी हे जुने मसाले आहेत आणि त्यांना गुण आहे, पण पहिल्या तुकड्यात काही घालू नका, नाहीतर बिघडलं तर कशानं ते कळणार नाही. सिमेंट तर मुळीच नको. मातीची भिंत ओल धरते आणि सोडते, तिच्यावर सिमेंटची टणक साल बसली की ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात.

भिंत खरवडून, पाणी शिंपडून ओलसर करा. थर १० मिलिमीटरपेक्षा जाड नको. समोर ओलं गोणपाट टांगा, ऊन आणि वारा थेट लागता कामा नये, आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा बारीक फवारा मारा.

दोन आठवड्यांनी पाहा. केसासारख्या भेगा असतील तर लगदा किंवा पाणी जास्त झालं, नाहीतर थर जाड झाला. रेती थोडी वाढवून पुन्हा करा. हाताला पूड येत असेल तर तो लवकर वाळला, गोणपाट आणि फवारा वाढवा. आणि जागोजागी छोटे खळगे पडून प्रत्येकात एक पांढरा कण दिसत असेल, तर चुना अजून मुरलेला नाही. मिस्त्रीला पुढची तारीख द्या, ड्रममधला चुना बारीक जाळीतून पुन्हा गाळा आणि झाकण लावून ठेवा.